तळमजल्याची अदलाबदल

सावलीवरून उंची काढण्याचा पाठ ताई दरवर्षी शाळेच्या मैदानातल्या झेंड्याच्या खांबावर घेत. या वर्षी खांब रंगवायला काढून नेला होता, म्हणून सातवीची मुलं घेऊन त्या कंपनीच्या भिंतीकडे गेल्या. एवढंच झालं. त्यामागे काही हेतू नव्हता, हे पुढच्या आठवड्यात त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांना सांगावं लागलं आणि तिघांपैकी एकालाही ते खरं वाटलं नाही.

कंपनी म्हणजे बंदरावरच्या तेलाच्या टाक्या. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, टेकडीवरची क्वार्टर्स कंपनीची. जहाजं तेल आणत, ते टाक्यांत साठे आणि तिथून टँकरने गावोगाव जाळायला जाई. टाक्यांभोवती जुनी भिंत होती, गेटाकडे तेवढं तारेचं कुंपण. वर्षभरापासून तिच्या आतल्या बाजूने नवी भिंत उभी राहत होती. खाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही भिंती शेजारीशेजारी दिसत आणि दुपारी त्यांच्या सावल्या मोकळ्या जमिनीवर पडत. पाठासाठी याहून चांगली जागा मिळाली नसती.

पद्धत सोपी आहे. एक मीटरची काठी सरळ उभी धरायची आणि तिची सावली मोजायची. ती ऐंशी सेंटिमीटर भरली, तर त्या घटकेला उन्हात उभी असलेली प्रत्येक वस्तू आपल्या सावलीच्या सव्वापट उंच असते. मग भिंत कितीही उंच असो, तिच्यावर चढावं लागत नाही. मुलांनी टेप धरले, एकमेकांच्या पायांवर पाय दिले, दोनदा भांडण झालं. एका गटाने जुनी भिंत तीस मीटर काढली.

"तीस मीटर म्हणजे दहा मजले," ताई म्हणाल्या. "मान वर करून बघा बरं, दहा मजले दिसतात का? उत्तर आलं की आधी डोळ्यांना विचारायचं, मग वहीत लिहायचं."

दशांशाचं विसरलेलं टिंब सापडलं. जुनी भिंत तीन मीटर, नवी पाच. सगळ्या गटांचं जुळलं.

"बाई, एक विचारू?"

"झालं सुरू!" मागून कोणीतरी म्हणालं. विचारणारी मुलगी टाक्यांवरच्या फोरमनची. वर्गात तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणत.

"नवी भिंत दोन मीटर जास्त उंच का?"

"चोरांसाठी," एका मुलाने उत्तर दिलं.

"मग गेटाकडे नुसतं तारेचं कुंपण का? चोर काय समुद्रातून येतात?"

मुलं हसली. ताईही हसल्या आणि हसताहसता त्यांचं लक्ष भिंतीच्या माथ्याकडे गेलं. माथ्यावर काचा नव्हत्या, तारा नव्हत्या. माथा समुद्राच्या बाजूला थोडा वळवलेला होता, लाट आपटली तर परत समुद्रातच पडावी असा. भिंत फक्त खाडीकडे आणि समुद्राकडे उंच होती. गेटाकडे, जिथे जमीन टेकडीला लागते, तिथे बांधकामच नव्हतं.

"पण पुस्तिकेत तर लिहिलंय, समुद्र वाढतो की नाही ते नक्की नाही," मुलगी म्हणाली. "नक्की नाही, तर एवढी भिंत कोण बांधेल?"

ती पुस्तिका कंपनीने छापून शाळेला दिली होती. गुळगुळीत कागद, रंगीत मासे. चौदाव्या पानावर लिहिलं होतं: 'समुद्राची पातळी नेहमीच कमीजास्त होत आली आहे. तेल आणि कोळसा जाळल्यामुळे ती वाढते, असं काही जण म्हणतात, काही जण म्हणत नाहीत. मुलांनो, तुमचं मत काय?' खाली पाच कोऱ्या रेघा. ताईंना हे पान आवडलं होतं. मुलांना विचार करायला लावतंय, असं त्यांना वाटलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं, की पुस्तिकेत मत मागितलं आहे, पण मोजायला कुठेच सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या खोलीत कंपनीचा जनसंपर्क अधिकारी बसला होता. हा माणूस इतका सतत हसे, की मुलांनी त्याचं नाव 'हसरे' ठेवलं होतं. टेबलावर कंपासपेट्यांचा ढीग होता.

"बाई, तुमच्या पाठाबद्दल ऐकलं. काय सुंदर कल्पना!" हसरे म्हणाला. "आमच्या भिंतीचा गणितासाठी उपयोग! म्हणून या पेट्या आणल्या. सातवीच्या सगळ्यांना."

"कालच झाला पाठ. तुम्हाला कळलं कसं?"

"गाव लहान आहे हो. सहज विचारतो, भिंतच का निवडली?"

"खांब रंगवायला नेलाय म्हणून."

"हो का," हसरे म्हणाला, आणि ते 'हो का' ताईंना बोचलं. "पुढच्या वेळी खांब बरा. बांधकामाची जागा आहे. मुलांना काही लागलं-बिगलं तर आम्हालाच वाईट वाटेल."

तो गेल्यावर मोठ्या बाईंनी दार लोटलं. "त्यांनी मनाई केलेली नाही," त्या म्हणाल्या. "मीही करत नाही. पण पुढचे दोन आठवडे गणिताच्या तासाला मुलांना खेळू द्या मैदानावर. स्पर्धा जवळ आल्यात. खरं सांगा, त्या मुलीला प्रश्न तुम्हीच सुचवला ना?"

"तिला प्रश्न सुचवावा लागत नाही, मोठ्या बाई. उलट थांबवावा लागतो."

मोठ्या बाईंनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

मनाई नाही आणि परवानगीही नाही, असं काहीतरी हवेत राहिलं. ताई वर्गात आल्या, तेव्हा पेट्या वाटून झाल्या होत्या. मुलं खूश होती. ताईंना मात्र प्रत्येक पेटीवरचा कंपनीचा शिक्का पहिल्यांदाच मोठा दिसू लागला.

मधल्या सुट्टीत फोरमन आला. अंगात कामाचे कपडे, हातात हेल्मेट. वर्गाच्या दारातच उभा राहिला.

"बाई, राग मानू नका. पण पोरीला घाबरवून सोडलंत. काल ताट पुढे ठेवून विचारतेय, बाबा, समुद्र आपल्या नव्या घरात येणार का? तिची आजी रडायला लागली."

"मी घाबरवलं नाही. आम्ही भिंत मोजली."

"भिंत मोजायची गरज काय पण? हे असंच सुरू होतं. आधी म्हणायचं समुद्र वाढतो, मग म्हणायचं तेलामुळे वाढतो, मग म्हणायचं टाक्या बंद करा. आणि मग आम्ही काय करायचं? मासे मोजायचे?" तो स्वतःच्या विनोदावर हसला नाही. "टाक्या आहेत म्हणून ही शाळा आहे, बाई. तुमचा पगारही तिथूनच येतो."

"ते मला ठाऊक आहे. तुमचं नवं घर खाडीकडेच ना?"

खाडीकाठची खोलगट जमीन भर घालून कंपनीने तिथे तीनमजली इमारती बांधल्या होत्या. वसाहत भिंतीच्या बाहेर होती. सगळ्यांना टेकडीवरची क्वार्टर्स सोडून तिथे स्वतःच्या नावावर घर मिळणार होतं. शुक्रवारी कँटीनच्या हॉलमध्ये संमतिपत्रावर सह्या व्हायच्या होत्या. सही केली की घर आपलं, क्वार्टरवरचा हक्क गेला. सही केली नाही, तर निवृत्तीपर्यंत क्वार्टरमध्ये राहायचं आणि त्या दिवशी सामान घेऊन बाहेर पडायचं.

"खाडीकडेच," फोरमनचा चेहरा उजळला. "आणि तुमच्या भावाचे उपकार आहेत आमच्यावर. देवमाणूस! मला दुसरा मजला लागला होता. आईला तर एक पायरी चढवत नाही. मी त्याच्याकडे रडलो. तर म्हणाला, माझा तळमजला तू घे, मी वर जातो. कोण करतं बाई आजकाल असं?"

ताईंनी हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.

"त्याने आपणहून दिला?"

"लगेच! मी बोलायच्या आधीच, म्हणा ना. मी नुसतं आईचं नाव काढलं."

ताईंचा धाकटा भाऊ कंपनीच्या नकाशा विभागात ड्राफ्ट्समन होता. बंदरातलं एकही बांधकाम त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय उभं राहत नसे. त्याच्या रेघेत केसाएवढाही फरक सापडत नाही, म्हणून सगळे त्याला 'मिलिमीटर' म्हणत. नवी भिंत त्यानेच काढली होती, खाडीवरच्या इमारतीही.

संध्याकाळी ताई त्याच्या क्वार्टरवर गेल्या. दारात खोकी भरलेली होती. भावजय स्टुलावर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. गुडघ्यांना पट्टे बांधलेले होते.

"या ताई. बसा त्या गादीवर, खुर्च्या बांधून झाल्यात. बघा ना, तळमजला लागला होता, देवाने ऐकलं म्हटलं. तर म्हणतात, यादीत चूक झाली होती, दुसरा मजला आहे. आता या गुडघ्यांनी रोज चाळीस पायऱ्या!"

"चूक झाली म्हणाला?"

"हो. वर उजेड चांगला आहे म्हणे. मी काय गुडघ्यांना उजेड दाखवू?"

भाऊ आतल्या खोलीत दोरीची गाठ मारत होता. त्याने ऐकलं असणार, कारण गाठ मारायला त्याला फार वेळ लागला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "ताई, चहा घेणार?" आणि ताईंकडे न बघता स्वयंपाकघरात गेला. लहानपणी फुटलेली काच गादीखाली लपवून तो असाच पाणी आणायला जात असे. बायकोसमोर त्याला धारेवर धरायला ताईंना नको वाटलं. त्यांनी चहा घेतला, तो थोडा जास्त गोड होता, आणि त्या निघाल्या.

रस्ता उतरताना मात्र त्यांच्या मनात एकेक गोष्ट जुळत गेली, गणितातल्या पायऱ्या जुळाव्यात तशी, आणि प्रत्येक पायरीवर त्यांना वाटत होतं, पुढची चुकीची निघावी. फोरमनला सांगितलं आईसाठी दिला. बायकोला सांगितलं यादीत चूक झाली. दोघांना दोन कारणं. जो माणूस आयुष्यात एका मापाला दोन आकडे लावत नाही, तो एका घराला दोन कारणं का लावेल?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या नकाशा विभागात गेल्या. लांब खोली, मोठमोठी तिरकी टेबलं, खिडकीतून टाक्यांचे पांढरे माथे दिसत. बाकीचे जेवायला गेले होते. भाऊ डबा उघडून बसला होता.

"तू इथे? शाळा नाही?"

"गणिताच्या तासाला मुलं खेळतायत. कंपासपेट्या मिळाल्यात त्यांना." ताई टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या. "भिंत पाच मीटर का रे?"

"सुरक्षेसाठी."

"कोणाच्या?"

"ताई, मला वरून आकडा येतो. मी काढतो. पाच म्हणाले, पाच काढली. उद्या सात म्हणाले तर सात काढेन."

"आणि आकडा देणाऱ्याला कोणी दिला?"

त्याने घास हातात तसाच ठेवला. उठून दाराबाहेर बघून आला, मग हळू आवाजात म्हणाला, "विमावाल्यांनी. टाक्यांचा विमा नव्याने करायचा होता. त्यांची माणसं आली, आठ दिवस राहिली, पुढच्या तीस वर्षांचा समुद्र मांडून गेली. म्हणाले, पाच मीटर भिंत बांधा, नाहीतर विमा नाही. कंपनीने एका बैठकीत होकार दिला. एकानेही विचारलं नाही की जाणकारांत एकमत आहे का."

"आणि घरांचा विमा?"

"ज्याने त्याने आपापला."

"त्या कागदावर घरांपर्यंत पाणी येतं?"

भावाने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"फोरमनच्या आईला पायरी चढवत नाही," ताई म्हणाल्या. "तुझ्या बायकोलाही नाही. तरी तू वर गेलास. तुझ्या हाताला कळलंय आणि तुझं तोंड अजून 'सुरक्षेसाठी' म्हणतंय."

"मी काही मुद्दाम नाही केलं!" त्याचा आवाज चढला. "तो आईचं बोलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं. घरी गेल्यावर कळलं मी काय केलं ते. ताई, मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे आकडा माहीत होता. पण आकडा कागदावर असतो ना. मी रोज शंभर आकडे लिहितो. तो आकडा म्हणजे पाणी, ते पाणी म्हणजे घर, असं मी कधी बसून लावून बघितलं नाही. इथे कोणीच लावून बघत नाही. आमच्या साहेबांनाही विचार, ते म्हणतील, हवामानाचं सगळं थोतांड आहे. आणि भिंतीवर सही त्यांचीच आहे."

"थोतांड आहे तर सही का केली?"

"विम्यासाठी. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही." त्याने डबा बंद केला. "आणि लावून बघायचं झालं तर किती मागे जाऊ? त्या टाक्यांतलं तेल जळतं म्हणून समुद्र चढतोय, हे मान्य केलं की माझ्या एकतीस वर्षांचं काय करू? मी चोर नाही, ताई. मी रेघा ओढल्या."

ताईंना त्याची दया आली आणि त्याच वेळी शंकाही आली, की हे बोलणं आपल्याला दया यावी म्हणूनच नाही ना. सख्ख्या भावाबद्दल असं मनात यावं, याची त्यांना लाज वाटली. पण शंका काही गेली नाही.

"फोरमनला सांग," त्या म्हणाल्या. "तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण माझ्याकडे मुलांनी मोजलेली सावली आहे. तुझ्याकडे कागद आहे."

"तो कागद बाहेर काढला तर नोकरी जाईल. तीन वर्षं राहिलीत."

"कागद काढू नकोस. तोंड उघड."

शुक्रवारी कँटीनच्या हॉलमध्ये रांग लागली. पुढे टेबल, त्यावर याद्या, सुतळीने बांधलेलं पेन. टेबलामागे कारकून आणि त्याच्या बाजूला हसरे, प्रत्येकाशी हात मिळवत. भिंतीवर नव्या वसाहतीचं मोठं चित्र होतं. त्यात झाडं होती, झोके होते, लांबवर निळी खाडी होती. लोक नटूनथटून आले होते. काहींनी मुलांना फोटोसाठी आणलं होतं. रांग इमारतीप्रमाणे होती, म्हणून फोरमन पुढे, त्याच्यामागे पहिल्या मजल्यावरचा वेल्डर, त्याच्यामागे ताईंचा भाऊ. भावजय बाजूच्या खुर्चीवर बसली होती. ताई तिच्याजवळ उभ्या होत्या. फोरमनची मुलगी बापाचा हात धरून चित्राकडे बघत होती.

फोरमनने पेन उचललं.

"थांब," भाऊ म्हणाला. "सही करायच्या आधी ऐक. तुझ्या घरात पाणी येईल."

हॉलमध्ये आवाज कमी झाला. पूर्ण थांबला नाही.

"कसलं पाणी?"

"समुद्राचं. मोठं वादळ आणि मोठी भरती एकत्र आली की. आज नाही, उद्या नाही. पण घराचं आयुष्य संपायच्या आत, आणि एकदा नाही, अनेकदा. दरवर्षी समुद्र थोडा वर येतोय. भिंत त्यासाठीच आहे. आपण भिंतीच्या बाहेर आहोत."

हसरे उठला नाही. त्याने फक्त खुर्ची थोडी पुढे घेतली. "साहेब, तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे. एक सांगा. हे तुमचं मत आहे, की कंपनीचा आकडा आहे?"

"आकडा आहे."

"कुठल्या कागदावरचा?"

तो कागद कोणाला दाखवायचा नाही, असं भावाने लिहून दिलेलं होतं. हसऱ्याला ते ठाऊक होतं. ते लिहून घेताना तो शेजारीच बसला होता.

"नाही ना? म्हणजे मत," हसरे प्रेमाने म्हणाला. "मत प्रत्येकाला असतं. आम्ही तर मुलांनाही विचारतो."

"मुलांनी भिंत मोजली आहे," ताई म्हणाल्या. "पाच मीटर भरली. समुद्राकडेच."

"ऐका! सातवीच्या पोरांनी मोजली!" वेल्डर ओरडला. "चला रे, बांधकाम खातं बंद करा, सातवीला द्या!"

हॉल हसला. हसण्यात सुटका होती, पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखी. मग वेल्डरच पुन्हा म्हणाला, या वेळी हळू आणि डोळे बारीक करून, "आणि काय हो मिलिमीटर, एवढं माहीत होतं तर महिनाभर गप्प का? स्वतः दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसलात आणि आज आठवलं?"

प्रश्न बरोबर होता. भावाने खाली बघितलं. फोरमन त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत गेलं. आधी भीती. मग ती भीती ठेवायला जागा शोधावी तसं त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर खुर्चीवर बसलेल्या भावजयीच्या पट्ट्यांवर थांबली.

"आत्ता कळलं," तो सावकाश म्हणाला. "वहिनींचे गुडघे दुखतात. देऊन बसलास आणि आता पस्तावलास. तळमजला परत हवाय तुला."

"नाही रे! मला नको आहे तो. तोच तर सांगतोय—"

"सरळ मागितला असतास तर दिला असता. शपथ. पण माझ्या आईला समुद्राची भीती घालून?"

"भाऊजी," भावजय खुर्चीवरून म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "माझे गुडघे माझे आहेत. त्यांना साक्षीला बोलावू नका. यांनी मलाही खोटंच सांगितलं होतं, ते मी घरी बघून घेईन. पण आत्ता जे बोलतायत ते खरं आहे. एवढा घाम यांना खोटं बोलताना येत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. फोरमनने मुलीकडे पाहिलं. तिने बापाचा हात ओढला, पण विचारलं काहीच नाही. वर्गात तिला कोणी गप्प करू शकत नसे. इथे ती नुसती बघत होती आणि हे ताईंना सगळ्यात वाईट वाटलं.

फोरमनने सही केली. वेल्डरने केली. मग पेन भावापुढे आलं. सुतळी टेबलाच्या कडेला अडकली होती, कारकुनाने ती सोडवून दिली.

"मी करत नाही," भाऊ म्हणाला.

"विचार करा," हसरे म्हणाला. "तीन वर्षांनी कुठे जाल?"

"ते मला माहीत नाही. ते मात्र खरंच माहीत नाही."

हसऱ्याने खिशातली छोटी वही काढली, त्यात एक ओळ लिहिली, वही परत ठेवली आणि मागच्या माणसाशी हात मिळवला. रांग पुढे सरकली. पाचच मिनिटांत हॉलमध्ये पुन्हा फोटो सुरू झाले. लोक चित्रातल्या झोक्यांपाशी उभे राहत होते. भावाच्या बाजूने जाताना मात्र प्रत्येक जण थोडं अंतर ठेवून जात होता, ओल्या रंगाच्या दाराजवळून जावं तसं.

तिघं बाहेर पडली. भावजय मध्ये, दोघं दोन बाजूंना, टेकडीच्या चढाला लागली. ताई मनात तेच तेच उलटून बघत होत्या. भावाने महिनाभर आधी सांगितलं असतं, तर लोकांनी ऐकलं असतं? की तेव्हा दुसरंच काही कारण सापडलं असतं? वेल्डरला खरंच हसू आलं होतं का? आणि कारकून, तो तर सगळ्यांच्या सह्या घेत होता, पण यादीत त्याचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

मागून पावलं वाजली. फोरमन धावत आला होता. एकटाच. त्याने वळून हॉलच्या दाराकडे पाहिलं, मग भावाला रस्त्याच्या कडेला, झाडाच्या आडोशाला घेतलं. ताई दोन पावलांवर होत्या, त्यांना सगळं ऐकू आलं.

"किती येईल?"

"काय?"

"पाणी. लादीपासून किती? नक्की सांग."

"एक मीटर वीस. त्यांच्या कागदावर तेवढं आहे."

फोरमनने हात पसरून आपल्या पोटावर आडवा धरला, थोडा वर सरकवला, छातीशी आणला. "एवढं?"

"एवढं."

"म्हणजे आईचा पलंग एक तीसवर घ्यायला हवा."

"अरे, एवढ्या उंच पलंगावर ती चढणार कशी?"

"पायऱ्या करून घेईन लाकडाच्या. चार कराव्या लागतील." तो बोटांवर काहीतरी मोजत होता. "तिला सांगेन, खाली डास फार आहेत."

"मग सही का केलीस?"

फोरमनने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि परत हॉलच्या दाराकडे पाहिलं. तिथे वेल्डर उभा राहून त्याला हाक मारत होता, फोटोसाठी.

"आलो!" तो ओरडला. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "मी विचारलं, असं कुणाला सांगू नका. बाई, तुम्हीपण. पोरीला तर नाहीच." आणि तो उतारावरून घाईघाईने खाली गेला.